दोन नावांचं कर्ज

प्रिय मिस्त्री,

फोन न करता पत्र पाठवलं म्हणजे तू घाबरणार, तेव्हा आधी एवढं वाच. कोणी आजारी नाही, दुकानाला आग लागलेली नाही, वसुलीवाले दारात बसलेले नाहीत. उलटच आहे. येत्या एक तारखेला पैसे पाठवू नकोस. त्याच्या पुढच्या महिन्यातही नको. कर्ज संपलं. उभा असशील तर बसून घे, कारण माझ्या हातात कागद पडला तेव्हा मी कर्जवाल्या कंपनीच्या जिन्यातच बसले होते आणि वर जाणाऱ्या माणसांना अंग चोरून माझ्या कडेने जावं लागत होतं. एकाने तर विचारलं, पाणी आणू का.

'फिटलं' असं मी मुद्दाम लिहिलेलं नाही. फिटलं म्हणजे पै न् पै दिली, तसं काही झालेलं नाही. तडजोड झाली. त्यांनी काही सोडलं, आपण काही दिलं, आणि दोघांच्याही नावावर आता काही बाकी नाही असा ना-देय दाखला मिळाला. त्याची प्रत सोबत आहे. माझं नाव वर आहे आणि तुझं खाली, म्हणून नाक मुरडू नकोस. अर्जात तूच मला आधी सही करायला लावली होतीस.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला कंपनीचं ते पत्र आलं तेव्हा मी तुला फोनवर सांगितलं होतं. उरलेल्या रकमेच्या निम्म्याहून थोडी कमी रक्कम एकदम भरा, बाकीची आम्ही सोडून देतो, असं त्यात होतं. तू म्हणालास, "तू ठरव. तू ठरवशील ते मला चालेल." आणि मी पाठवलेल्या संमतीपत्रावर सही करून तिसऱ्या दिवशी परत धाडलंस. वाचलंसुद्धा नसणार, कारण मी घातलेली घडी तशीच होती. मला खरं तर राग आला. लग्न होतं तेव्हाही तू हेच म्हणायचास. भिंतीला कोणता रंग लावायचा, तू ठरव. मग मी ठरवायचे आणि तू पुढचं वर्षभर त्या भिंतीकडे बघून काही न बोलता मान हलवायचास. तेव्हा मी मनात म्हटलं, या वेळी मीही काही ठरवत नाही. राहू दे ते पत्र टेबलावर.

सुरुवात आठवते का रे तुला? हल्ली मला ती फार आठवते, आणि आता आठवली तरी छातीत दुखत नाही. मोठ्या रस्त्यावरच्या हॉटेलचा मॅनेजर आपल्या लॉन्ड्रीत स्वतःचे शर्ट टाकायचा. एक दिवस म्हणाला, आमच्या चादरी कराल का? तू त्या दिवशी साबणाच्या खोक्यावर पेन्सिलीने हिशोब मांडलास. इतक्या खोल्या, इतक्या चादरी, इतके अभ्रे आणि टॉवेल. हाताने होणारं काम नाही, मोठं वॉशर पाहिजे, मोठा ड्रायर पाहिजे. मी नको म्हटलं असं मी पुढे सगळ्यांना सांगत आले, पण ते खरं नाही. मलाही हवं होतं. मशीन आली त्या दिवशी आपण दोघं ड्रायरच्या गोल काचेसमोर जमिनीवर बसलो होतो आणि आत फिरणाऱ्या पांढऱ्या चादरी लहान पोरांसारखे बघत होतो. तू म्हणालास, "हप्ता आपोआप निघेल. आपल्याला कळणारसुद्धा नाही." आणि दोन वर्षं खरंच कळला नाही. ते मला विसरायचं नाहीये. दोन वर्षं चांगली गेली.

मग हॉटेल विकलं गेलं, नव्या मालकाने पाडून टाकलं, आणि आपल्याकडे हत्तीएवढी मशीन आणि गल्लीतल्या लोकांचे शर्ट राहिले. मी नंतर पुष्कळ वेळा विचार केला की आपण वेगळे का झालो. तू दारू पीत नव्हतास, मी माहेरी निघून गेले नव्हते, तिसरं कोणी नव्हतं. आपली भांडायचीही ताकद संपली होती, एवढंच. सकाळी उठल्यावर पहिलं वाक्य हप्त्याचं आणि झोपताना शेवटचं वाक्य दंडाच्या व्याजाचं. आपण एकमेकांशी वसुलीवाल्यांसारखं बोलायला लागलो होतो. "कधी देणार?" "बघतो." "बघतो म्हणजे कधी?" यात नवरा-बायको कुठे होते? कोर्टात न्यायाधीश बाईंनी विचारलं, मालमत्तेच्या वाटणीबद्दल काही तक्रार आहे का, आणि आपण दोघं एकदमच हसलो. त्यांना वाटलं आपण त्यांची थट्टा करतोय. वाटायला होतं काय, तर एक कर्ज. ते आपण अगदी समजूतदारपणे अर्धं अर्धं करून घेतलं.

तू दुसऱ्या गावी गेलास, बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये लागलास, आणि दर एक तारखेला तुझा फोन यायला लागला. पहिले काही महिने तो फोन म्हणजे नुसती पावती होती. "पाठवले." "मिळाले." "बरं." मग एकदा मागे ड्रायर घरघरत होता. तू विचारलंस, हा आवाज कधीपासून येतोय. मी म्हटलं, आठवडा झाला असेल. म्हणालास, फोन मशीनजवळ धर. मी धरला. तू इतका वेळ ऐकत राहिलास की मला वाटलं लाइन गेली. मग म्हणालास, "डावीकडचा पट्टा सैल झालाय. बेअरिंग नाही, घाबरू नकोस." आणि पट्टाच निघाला. त्यानंतर दर एक तारखेला मी तुला काहीतरी ऐकवत गेले. कधी वॉशरचा झटका, कधी पाणी सोडताना होणारा गुळगुळ आवाज. तू ऐकायचास, सांगायचास, आणि मग सहज म्हणून कंबर कशी आहे, आई कशी आहे, असं बोलणं लांबत जायचं. एकदा तर काहीच बिघडलेलं नव्हतं. मी तसाच फोन धरला. तू म्हणालास, "सगळं ठीक वाटतंय." मी म्हटलं, "हो का? मला वाटलं काहीतरी आहे."

तर ते पत्र टेबलावर पडून राहिलं. मुदत संपली. कंपनीतल्या त्या बाईंचा फोन आला. मी त्यांना सर्दीवाली म्हणते, कारण बाराही महिने त्यांचं नाक चोंदलेलं असतं. म्हणाल्या, मी वरून एकदा मुदत वाढवून घेतली आहे, पुन्हा होणार नाही, येऊन तरी जा. गेले नाही. आईला विचारलं तर ती म्हणाली, "अर्धे पैसे देऊन सुटायचं म्हणजे लोकांत तोंड कसं दाखवायचं?" मी म्हटलं, कोणत्या लोकांत? तर तिला एकही माणूस आठवेना. पण विषय सोडला नाही. "जावयाला विचारलंस का?" अशी सुरुवात करून ती दर वेळी तुझ्यावर यायची. अगं, आता कसला जावई, असं म्हटलं की म्हणायची, "तुमचं काय ते तुमचं. माझ्याकडून मी त्याला काढलेलं नाही."

दादा रविवारी आला, चष्मा कपाळावर चढवून सगळे कागद बघितले, आणि शाळेत गणित शिकवतो त्याच सुरात मला समजावलं. म्हणाला, तुम्ही दोघं मिळून जे भरता ते जवळजवळ सगळं व्याजातच जातं. मुद्दल जिथल्या तिथे आहे. आणखी दहा वर्षं असंच भरलंत तरी तेव्हाही तुम्ही आज आहात तिथेच असाल, फक्त केस पांढरे झालेले असतील. एकरकमी भरून मोकळी हो. त्याचा तोटा एकच, नोंद 'तडजोड' अशी राहील, 'पूर्ण फेड' अशी नाही, आणि पुढची काही वर्षं कोणतीही बँक दारात उभं करणार नाही. मी म्हटलं, मला कोणाच्या दारात उभं राहायचंच नाही आता. तो म्हणाला, मग अडतंय कुठे? मी सांगितलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. घेतलेलं पूर्ण द्यावं असं मला वाटतं. दादाने चष्मा खाली घेतला आणि माझ्याकडे बघितलं. लहानपणी मी गृहपाठ न करता पोटात दुखतं म्हणायचे तेव्हा बघायचा, तसंच. चहा प्यायला आणि गेला.

मग एका बुधवारी सकाळी मी दुकान उघडलं नाही, सरळ कंपनीत गेले. आदल्या दिवशी दुपारी काय झालं ते शेवटी सांगते. आत्ता सांगितलं तर तू बाकीचं वाचायचा नाहीस.

सर्दीवाली मला बघून उठूनच उभी राहिली. तिच्या टेबलावर पाण्याच्या बाटल्या आणि रुमालांचा ढीग होता, आणि समोर बसलेला माणूस ओरडत होता. त्याला तिने शांतपणे दुसऱ्या टेबलाकडे पाठवलं. मी दादाने शिकवलेलं सगळं पाठ करून गेले होते. म्हटलं, मी तयार आहे, पण तुमच्या पत्रातली भाषा मला मान्य नाही. त्यात 'उर्वरित रकमेबाबत कंपनी योग्य तो निर्णय घेईल' असं आहे. योग्य तो म्हणजे काय? उद्या तुम्ही बदलून गेलात आणि नवीन माणसाने मागितली तर? ती म्हणाली, "ताई, माफ म्हणजे माफ." मी म्हटलं, "मग तसंच लिहा की. दोन अक्षरं जड झाली का?" ती हसली आणि तिला शिंका आल्या. आत जाऊन साहेबांना विचारून आली. तसं लिहून दिलं. मग मी दुसरं मागितलं. दाखला दोघांच्या नावाने पाहिजे, एकाच्या नाही. तो माणूस दुसऱ्या गावात असतो, त्याच्या मागे नंतर कोणी लागता कामा नये. तिने विचारलं, "ते तुमचे मिस्टर ना?" मी म्हटलं, "होते." ती म्हणाली, "आणि तरी त्यांच्यासाठी भांडताय?" मी म्हटलं, "कर्ज दोन नावांचं आहे बाई, त्यातलं अर्धं संपवून मला झोप कशी लागेल?" तिसरं म्हणजे मी दोन टप्पे मागितले, कारण मशीन विकल्याशिवाय माझ्याकडे पैसे कुठून येणार, आणि मशीन तर त्यांच्याकडेच तारण. विकायची परवानगी आणि दीड महिना, दोन्ही मिळालं. मधल्या एक तारखेला तुला मी यातलं मुद्दाम काही सांगितलं नाही. बाहेर पडताना ती मागून आली आणि दारात हळूच म्हणाली, "बरं केलंत. मी इथे बसून लोकांना वर्षानुवर्षं व्याज भरताना बघते. सांगता येत नाही."

मोठं वॉशर आणि ड्रायर मुलींच्या वसतिगृहाने घेतले. तुला वाईट वाटेल म्हणून लगेच सांगते, चांगल्या घरी पडले. तिथला देखभाल करणारा माणूस आधी दोनदा येऊन बघून गेला, पट्टे, जाळी, नळ्या सगळं तपासलं आणि म्हणाला, एवढी निगा राखलेली जुनी मशीन मी पाहिलेली नाही. कोण बघत होतं? मी म्हटलं, एक मिस्त्री आहे, फोनवरून बघतो. त्याला वाटलं मी गंमत करतेय. ती मशीन भिंत न फोडता बाहेर कशी काढायची यावर चार माणसांनी तासभर वाद घातला. शेवटी दाराची चौकट काढली. ड्रायर सरकला तेव्हा मागे मोज्यांचा ढिगारा निघाला. सगळे एकेकटे. ज्या मोज्यांपायी लोकांनी आपल्याला काय काय ऐकवलं, ते सगळे तिथे सुखाने बसले होते. आणि मागच्या भिंतीला खिडकी आहे, मिस्त्री. आपण दुकान घेतलं तेव्हा होती, आठवतं? ड्रायर ठेवताना तूच ती बंद केलीस. मी साफ विसरले होते. आता इस्त्रीचं टेबल मी तिथे नेलंय. दुपारी उजेड असा येतो की कॉलरवरचे डाग मला चष्म्याशिवाय दिसतात. लहान मशीन आहे, वाफेची इस्त्री आहे, गल्लीतले शर्ट आहेत, शिवाय नाटकमंडळीचे पोशाख आणि प्राण्यांच्या दवाखान्यातली पांघरुणं मिळाली आहेत. कुत्र्यांची पांघरुणं माणसांच्या चादरींपेक्षा बरी, उगाच तक्रार करत नाहीत.

बाकीची रक्कम मी बाबांनी माझ्या नावावर ठेवलेल्या पैशांतून भरली. हे वाचून तू ताबडतोब म्हणशील, माझ्या अर्ध्या वाट्याचे मी तुला महिन्याला थोडे थोडे पाठवतो. नको. नीट ऐक, नको. दुकानाची जागा माझ्याकडे राहिली, लहान मशीन राहिली, गिऱ्हाईकं राहिली. मोठी मशीन दोघांची होती, ती दोघांच्या कर्जात गेली. मी दादाकडून हिशोब तपासून घेतला आहे. तू मला काही देणं लागत नाहीस आणि मी तुला काही देणं लागत नाही. तू दर महिन्याला पुन्हा थोडे थोडे पाठवू लागलास तर मी हा दीड महिना धावपळ कशासाठी केली?

मला कसं वाटतंय ते तुला सांगायला हवं, कारण हे दुसऱ्या कोणाला कळणार नाही. इतकी वर्षं अनोळखी नंबर दिसला की मी फोन पालथा घालून ठेवायचे. तूही तेच करत असणार. दाखला मिळाल्यावर चार दिवसांनी असाच एक नंबर वाजला. हात सवयीने पालथा घालायला गेला, मग थांबला. उचलला. एक म्हातारे गृहस्थ होते, विचारत होते, गालिचा धुता का. म्हणाले, तुम्हाला गेल्या वर्षापासून फोन करतोय, कोणी उचलतच नाही. मी इतकी हसले की त्यांनी विचारलं, चुकीचा नंबर लागला का. त्या रविवारी मी दुपारी जेवून झोपले आणि उठले तेव्हा संध्याकाळ झाली होती. आई दोनदा येऊन श्वास चालू आहे का बघून गेली. तिलाही आता लोकांत तोंड दाखवायची काळजी उरलेली नाही. परवा शेजारणीला सांगत होती, "आमच्या हिने कंपनीला वाकवलं." वाकवलं तर वाकवलं.

आता ती मंगळवारची दुपार. दुकानात एक बाई आल्या. उंच, आखूड केस, छातीशी कापडी पिशवी धरलेली. पिशवीतून पडदा काढला, निळा, जाड कापडाचा. मी म्हटलं, पावतीवर नाव-गाव लिहा. त्यांनी तुझ्या गावाचं नाव लिहिलं आणि पेन थांबलं. मी विचारलं, "पडदा धुवायला एवढ्या लांब?" त्या म्हणाल्या, "तिकडे चांगली लॉन्ड्री नाही." मी म्हटलं, "आहे की. डेपोसमोरच आहे." मी पडदा उलगडून उजेडात धरला. डाग नव्हता. धूळसुद्धा नव्हती. तू फोनवर कधी कोणाचं नाव काढलं नाहीस, मिस्त्री, पण गेली दोन वर्षं तुझा चष्मा फार वेळा दुरुस्तीला जात होता. मी विचारलं, "चष्म्याच्या दुकानात असता का तुम्ही?" त्यांनी मान हलवली आणि मी बसा न म्हणताच स्टुलावर बसल्या.

"भांडायला आले नाही," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "ते दिसतंय. भांडायला येणारी माणसं पडदा आणत नाहीत." त्यांना हसू आलं, मलाही आलं, आणि मग जरा बरं झालं. मी चहा टाकला. कप हातात धरून त्या म्हणाल्या, "मी त्याला म्हटलं, कर्जासकट ये. मला चालतं. तर म्हणतो, ते माझ्या एकट्याचं नाही, दोघांचं आहे, ते मिटल्याशिवाय मी नवीन काही सुरू करणार नाही. तडजोडीचं पत्र आलंय हेही त्यानेच सांगितलं. विचारलं, मग पुढे काय? म्हणतो, ती ठरवेल. तुम्ही अजून ठरवत का नाही? पैसे जमत नाहीत म्हणून, की..." आणि तिथेच थांबल्या. पुढचं विचारलं नाही. कपात बघत राहिल्या. तुझ्यापेक्षा शहाण्या आहेत त्या.

मी पडदा घेऊन मशीनपाशी गेले, तो आत टाकला आणि उगाच पाण्याचं तापमान बघत उभी राहिले. तत्त्व वगैरे काही नव्हतं. लोकांचं काही नव्हतं. हप्ता होता म्हणून एक तारीख होती, आणि एक तारीख होती म्हणून तुझा फोन होता. तडजोड केली असती तर तू कोणत्या कारणाने फोन केला असतास आणि मी कोणता आवाज तुला ऐकवला असता? एवढ्यासाठी मी दोघांच्याही गळ्यातला दगड सांभाळत बसले होते. आणि तूही, मला वाटतं, थोडासा. "तू ठरव" म्हणून सही करून मोकळा झालास, पण एकदाही म्हणाला नाहीस की लवकर ठरव. हे कळलं तेव्हा मला वाटलं होतं की फार वाईट वाटेल. वाटलं, नाही असं नाही. पण त्याहून जास्त काय वाटलं सांगू? पाठीवरून ओला गठ्ठा खाली ठेवल्यावर वाटतं ना, तसं. कारण शोधत राहण्याचा मला किती शीण झाला होता, ते मला त्या दिवशी समजलं. परत आले तेव्हा त्या उठल्या होत्या. पाचची बस होती. म्हटलं, पडदा ओला आहे. म्हणाल्या, "राहू दे." दारात वळून म्हणाल्या, "मी आले होते हे त्याला सांगू नका." मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीत गेले, ते वर लिहिलंच आहे.

म्हणून हे पत्र. फोनवर बोलले असते तर तू विचारलं असतंस, मग आता काय, आणि मी भलतंच काहीतरी बोलून बसले असते. या पार्सलमध्ये तो पडदा आहे, धुतलेला आणि इस्त्री केलेला. पत्ता त्यांनी लिहिला नव्हता, तेव्हा तुलाच नेऊन द्यावा लागेल. आजच दे. कर्ज संपलं हे त्यांना आधी सांग, दाखला दाखव, आणि मी सगळं सांगितलं म्हणून रागावल्या तर म्हणावं, लॉन्ड्रीवालीने शब्द दिला नव्हता. त्या पडद्याला बिल लावलेलं नाही. एक तारखेला फोन करू नकोस. रागाने म्हणत नाही, मिस्त्री, खरंच नाही. एक तारखेला तू त्यांच्याबरोबर कुठेतरी जा, आणि तो दिवस कसला होता हे दुपारपर्यंत विसर. मला फोन कर तो लग्नाची तारीख ठरली की. आई विचारेल, तिला मी सांगेन, आणि ती तुला काढणार नाही ते नाहीच. जुन्या पत्रांच्या शेवटी मी 'तुझीच' लिहायचे. आत्ताही हाताने तेच लिहिलं होतं. त्यातला 'च' खोडलाय. पुन्हा लिहावासा वाटला नाही, म्हणून तुला सांगतेय.

तुझी,
जुनी भागीदार